पांढरा तो नर, करडी ती मादी: हा नियम आपल्या हंसांना लावू नका

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कराडजवळच्या मळ्यावर राखणीला म्हणून तुम्ही जानेवारीअखेर आठवडी बाजारातून हंसाची सहा पिल्लं आणलीत. विकणाऱ्याने ती 'एम्डेन राजहंस', म्हणजे युरोपातल्या एका पांढऱ्या जातीची, म्हणून दिली. तेव्हा ती आठवडाभराची होती, आता सात आठवड्यांची झाली. त्यातली दोन पांढरीशुभ्र आहेत. तीन करडी-तपकिरी, काळ्या चोचीची. एक पांढरं, पण पाठीवर राखी ठिगळं असलेलं. पांढरा तो नर आणि करडी ती मादी असं तुमच्या वाचनात आलं. त्या हिशेबाने तीन नर, तीन माद्या. एवढे नर काय करायचे, म्हणून दोन पांढरे विकावेत का, असं तुम्ही विचारताय.

विकू नका, निदान आणखी दोन महिने तरी. कदाचित तुम्ही तुमची एखादी चांगली मादीच विकून बसाल.

तुम्ही वाचलेला नियम खोटा नाही. तो दुसऱ्या हंसांचा आहे. पिलग्रिम नावाची जात आहे, तिला अमेरिकेतल्या जातींच्या अधिकृत यादीत १९३९ साली स्थान मिळालं. तिच्यात मोठा नर पांढरा, निळ्या डोळ्यांचा असतो. मादी फिकट राखाडी, तोंडाभोवती पांढरी. पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तेव्हाच नर फिकट पिवळसर आणि मादी गडद करडी दिसते. इंग्लंडमधल्या वेस्ट ऑफ इंग्लंड जातीत, शेटलंड बेटांवरच्या हंसांत आणि अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतातलं तण खायला पाळत त्या कॉटन पॅच हंसांतही असंच असतं. ज्यांच्या अंगणात या जाती आहेत त्यांनी ते लिहिलं, आणि त्यांच्यापुरतं ते बरोबरच आहे.

हे कशामुळे होतं, तेही सांगते, कारण एकदा कारण कळलं की नियम कुठे लावायचा ते विसरत नाही. पक्ष्यांमध्ये नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. या युरोपीय जातींत रंग फिका करणारा एक जनुक झेडवर बसलेला आहे. नराला त्याचा दुहेरी डोस मिळतो म्हणून तो पांढरा पडतो. मादीला एकच मिळतो, म्हणून ती राखाडी राहते. आपल्याकडे पाळले जाणारे बहुतेक हंस चिनी वळणाचे आहेत आणि चिनी हंसांचा पांढरा रंग या रस्त्याने येत नाही. तो साध्या गुणसूत्रावरचा सुप्त गुण आहे. आईबापांकडून दोन्ही बाजूंनी आला की पिल्लू पांढरं होतं, मग ते नर असो वा मादी. पांढऱ्या चिनी कळपात साधारण निम्मे पक्षी माद्या असतात आणि त्याही पांढऱ्याच. तपकिरी कळपात निम्मे नर असतात आणि तेही तपकिरीच. म्हणून आधी जात नक्की करायची आणि मगच नर-मादीची कुठली खूण चालेल ते ठरवायचं. क्रम उलटा केला की गडबड झालीच.

पाळीव हंस दोन वेगळ्या रानटी हंसांपासून आले. युरोपातल्या जाती, म्हणजे एम्डेन, तुलूस, पिलग्रिम, कुरळ्या पिसांचा सेबास्टोपोल वगैरे, करड्या रानहंसापासून म्हणजे कलहंसापासून आल्या. चिनी आणि आफ्रिकन या दोन जाती मंगोलिया, उत्तर चीन, पूर्व रशियाकडच्या लांब चोचीच्या रानहंसापासून आल्या. आफ्रिकन हे नुसतं नाव आहे, मूळ आशियातलंच. या दोन कुळांचा संकर होतो आणि संकरित पिल्लंही पुढे प्रजा देतात. त्यामुळे बाजारात मिळणारा हंस शुद्ध असेलच असं धरून चालू नका. मी जात सांगते तेव्हा 'या वळणाचा' एवढंच म्हणायचं असतं.

जात ओळखायला रंग सोडा, डोकं बघा. पिल्लाला तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर, अगदी बाजूने बघायचं. चिनी वळणाच्या पिल्लाची चोच लांबट आणि सडपातळ असते, मान बारीक आणि उभी. सहा-सात आठवड्यांच्या सुमाराला चोच कपाळाला मिळते तिथे किंचित फुगवटा यायला लागतो. हेच पुढे टेंगूळ होतं. युरोपीय वळणाच्या पिल्लाचं कपाळ चोचीपासून सरळ उतरत्या छपरासारखं असतं, फुगवटा येत नाही. चोच बुडाशी रुंद, आखूड, पाचरीसारखी. मान जाड. मोठं झाल्यावर आणखी एक फरक दिसतो: युरोपीय हंसाच्या मानेवरच्या पिसांना नांगरटीसारख्या उभ्या सऱ्या पडतात, चिन्यांची मान गुळगुळीत राहते.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंतली तीन करडी पिल्लं चिनीच आहेत, यात मला शंका नाही. डोक्यापासून मानेच्या मागून खांद्यापर्यंत गडद पट्टा उतरतोय आणि पुढची मान फिकट बदामी आहे, मधली रेघ अगदी स्पष्ट. त्यांच्या चोची काळ्या आहेत आणि काळ्याच राहतील. तुलूसची पिल्लंही करडी असतात, त्यांचीही चोच सुरुवातीला गडद असते, पण ती वाढताना नारिंगी होत जाते. पाय मात्र तुमच्या करड्यांचेही पुढे नारिंगी होतील. आत्ता ते मळकट दिसतात म्हणून घाबरू नका. मोठेपणी चोचीच्या बुडाशी एक बारीक पांढरी कड येईल, ती या कुळाची खूणच आहे.

त्यातलं मोठं पिल्लू आफ्रिकन असेल का, असंही तुम्ही विचारलंत. आफ्रिकनला गळ्याखाली बैलासारखी पोळी सुटते आणि अंगाने तो फार भारी असतो, चांगला नर नऊ-दहा किलोंचा. चिनी नर साधारण साडेपाच किलोंचा, मादी साडेचारची. आपल्या गावठी खाण्यावर त्याहून हलकेच राहतात. पोळी लहानपणी दिसत नाही, वयाप्रमाणे सुटते, पण तुमच्या पिल्लांची उभी, बारीक अंगकाठी आफ्रिकनची नाही. आपल्याकडे जरा थोराड चिनी नर दिसला की त्याला आफ्रिकन म्हणून चढ्या भावाने विकतात. नावासाठी पैसे मोजू नका.

दोन पांढरी एम्डेन नाहीत. त्यातल्या एकाच्या कपाळावर फुगवटा सुरू झालाय, दुसऱ्याची चोच आणि मान त्याच वळणाची आहे. आणि तुम्हीच लिहिलंय की आणली तेव्हा ती हळदीसारखी पिवळीधमक होती. चिनी पांढऱ्यांची पिल्लं तशीच असतात. एम्डेनच्या पिल्लांच्या पिवळ्या लवेवर डोक्याला आणि पाठीला धुरकट राखी छटा असते. नारिंगी चोच आणि निळे डोळे दोघांनाही असतात, म्हणून त्यावरून फरक करता येत नाही.

सहावं पिल्लू मला सगळ्यात जास्त आवडलं. आणलं तेव्हा त्याची पाठ धुरकट होती आणि आता पांढऱ्यावर राखी पिसं आली आहेत. कपाळ सपाट, चोच आखूड, मान जाड. यात एम्डेनचं रक्त आहे, शुद्ध की संकर ते फुगवटा येतो का यावर कळेल. टेंगूळ छोटंसं आलं तर संकर. एम्डेनच्या पोरवयात अशी राखी पिसं येतात आणि पहिल्या पिसगळतीनंतर जातात. तेव्हा 'डाग पडलेलं' म्हणून ते कमी भावात काढू नका. आणि तुम्ही वाचलेल्या नियमाचा थोडा अंश फक्त याच पिल्लाला लागू पडतो, ही गंमत बघा. एम्डेनमध्येही तो झेडवरचा जनुक आहे, त्यामुळे एका दिवसाच्या पिल्लांत नराचा धुरकटपणा फिकट आणि मादीचा गडद असतो. पण हे एकाच घरट्यातली चार पिल्लं शेजारी ठेवली तर दिसतं. एकट्या पिल्लावरून, तेही आठवणीतून, मी काही ठरवणार नाही.

नावाबद्दल एक गोष्ट मध्येच सांगून टाकते. आपण बाजारात ज्याला राजहंस म्हणतो तो हा पाळीव पक्षी. थंडीत भिगवणला, जायकवाडीला येणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब यालाही काही जण राजहंस म्हणतात, पण तो रानटी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. असा पक्षी कोणी विकायला आणला तर घेऊ नका, वन विभागाला कळवा. आणि आपल्या देशाची म्हणून नोंद झालेली पाळीव हंसाची पहिली जात हवी असेल तर ती काश्मीरची: काश्मीर अंझ.

आता नर-मादीकडे येते. सात आठवड्यांच्या चिनी पिल्लांमध्ये तीन खुणा उपयोगाच्या आहेत: टेंगूळ, आवाज आणि अंगकाठी. तिन्ही एकमेकांशी ताडून बघायच्या, एकीवर विसंबायचं नाही.

टेंगूळ नराला लवकर येतं आणि मोठं होतं. पण ही तुलना एकाच वयाच्या, एकाच खाण्यावरच्या पिल्लांतच खरी ठरते. एक पिल्लू आठवडाभर उशिरा फुटलेलं असेल किंवा मध्ये आजारी पडलं असेल, तर नर असूनही त्याचं कपाळ सपाट दिसेल आणि तुम्ही त्याला मादी म्हणाल. म्हणून दर रविवारी प्रत्येकाचा बाजूने एक फोटो काढा आणि चोचीजवळ काडेपेटी धरा, म्हणजे मापाला आधार राहतो. तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत नरांची टेंगळं माद्यांपेक्षा ठळकपणे पुढे गेलेली दिसतील.

आवाजावर माझा सर्वात जास्त भरवसा आहे. हंसाच्या पिल्लांचाही आवाज फुटतो, साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्यात. तोपर्यंत सगळी चिवचिवतात. फुटल्यावर नराचा आवाज बारीक, चढा, किंचाळल्यासारखा होतो, आणि मादीचा खालच्या पट्टीतला, भरड, 'हाँक-हाँक' असा. इथे बदकं पाळलेले लोक हमखास फसतात. बदकांत मोठ्याने क्वॅक क्वॅक करते ती मादी आणि नराचा आवाज बसल्यासारखा घोगरा असतो. तो अनुभव घेऊन हंसाकडे आलात तर भरड आवाजाच्या मादीला तुम्ही नर समजाल. बदकाच्या नराच्या शेपटीवर वर वळलेलं कुरळं पीस येतं, तेही हंसाला येत नाही. ते शोधत बसू नका.

आवाज ऐकायचा तर कळपात उभं राहून उपयोग नाही, सगळे एकदम ओरडतात. एका पिल्लाला गोणपाटाच्या आडोशाला, कळप ऐकू येईल पण दिसणार नाही इतक्या अंतरावर न्या. मिनिटभरात ते हाका मारायला लागतं. तो आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा, पिल्लाचा नंबर बोलून ठेवा आणि लगेच परत सोडा. सहाही झाली की रात्री शांतपणे एकापाठोपाठ एक ऐका. दोन गट आपोआप पडतात. मी हे दोन वेळा करते, नवव्या आणि बाराव्या आठवड्यात. दुसऱ्यांदा एखादं पिल्लू गट बदलतं, म्हणून पहिल्यावर थांबत नाही.

अंगकाठीत नर थोडा उंच, मान लांब आणि जाड, डोकं मोठं, पाऊल रुंद. पण हंसांत हा फरक कोंबड्यांइतका ढोबळ नसतो.

वागण्यावरून नर ओळखायचं सांगणारे पुष्कळ भेटतील: जो पुढे येऊन मान लांब करून फुत्कारतो तो नर. मी यावर एक वर्ष गमावलंय. मी २००३ पासून कुडाळ तालुक्यात हंस पाळते. सुरुवातीच्या वर्षांत सात चिनी होते. एक धिप्पाड, कुत्र्यावरसुद्धा धावून जाणारा पक्षी मी नर म्हणून ठेवला, त्याच्याबरोबर दोन माद्या ठेवल्या आणि बाकीचे दिले. थंडीत घरटं झालं, चौदा अंडी जमली आणि मोठ्या मायेने एक मादी बसली. तीस दिवस झाले, पस्तीस झाले. ती उठायला तयार नव्हती, अर्धी झाली होती. सगळी अंडी वांझ निघाली. माझा 'नर' स्वतःच त्यात अंडी घालत होता. खरा नर मी विकलेल्या चारांत गेला होता. त्या वेळी दहाव्या दिवशी रात्री अंडी टॉर्चवर धरून बघितली असती, तर आत शिरांचं जाळं नाही हे कळलं असतं आणि त्या जिवाचे हाल टळले असते. धिटाई हा स्वभाव आहे, लिंग नव्हे. घरट्याजवळची मादी तर नराहून तिखट असते. पाण्यात एकमेकींवर चढणं माद्याही करतात, त्यावरूनही निकाल देऊ नका.

खात्रीचा मार्ग म्हणजे गुदद्वार तपासणी. कोंबड्याला नसतं तसं बाहेर येणारं इंद्रिय हंसाच्या आणि बदकाच्या नराला असतं, म्हणून हे शक्य होतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वात सोपं. पिल्लू हातात उताणं धरतात, शेपूट पाठीकडे हलकेच वाकवतात आणि दोन अंगठ्यांनी गुदद्वाराच्या कडा अलगद मागे सारत ते उघडतात. नर असेल तर तांदळाच्या दाण्याएवढं, किंचित पिळदार इंद्रिय वर येतं. मादी असेल तर नुसत्या गुलाबी घड्या दिसतात. वाचायला सोपं आहे, पण जास्त दाब पडला तर कोवळ्या पिल्लाला आतून कायमची इजा होते. पहिल्यांदा हे जाणकाराच्या हाताखाली, त्याच्या नजरेसमोर करा. व्हिडिओ बघून सुरुवात करू नका.

सात आठवड्यांनंतर कडा घट्ट झालेल्या असतात, तरी दोन माणसांनी जमतं. एकाने पक्षी काखेत धरायचा, डोकं मागे, पाय तळहातावर तोललेले. हंसाला पायाला धरून कधीही उचलू नका, पाय नाजूक असतात. पशुवैद्यकाने हंस हाताळलेले असतील तर त्यांच्याकडून करून घ्या. आणि निकाल ऐकताना एक लक्षात ठेवा. 'नर' असा निकाल आला तर तो जवळपास पक्का, कारण इंद्रिय डोळ्यांनी दिसलेलं असतं. 'मादी' असा निकाल आला तर तो कच्चा, कारण इंद्रिय नीट बाहेर आलं नाही तर नरही मादीच वाटतो. तपासणीतल्या चुका बहुतेक याच दिशेने होतात. म्हणून माझ्या वहीत नरापुढे एक खूण असते, मादीपुढे दोन महिने प्रश्नचिन्ह.

घाईच असेल तर पिसावरून डीएनए चाचणी होते. पाळीव पोपटांसाठी हे करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, हंस घेतात का ते आधी विचारा. गळलेलं पीस चालत नाही, मुळासकट उपटलेलं लागतं, आणि एका लिफाफ्यात एकाचंच.

पोटाखाली लोंबणारी झोळी, शेपटीखालच्या दोन हाडांमधली बोटभर-दोन बोटं जागा, या खुणा खऱ्या आहेत, पण पहिल्या अंड्यांच्या हंगामातल्या. आत्ता त्यांचा उपयोग नाही.

फोटोंवरून माझा अंदाज विचाराल तर: फुगवटा आलेलं पांढरं पिल्लू बहुधा नर. करड्यांपैकी डाव्या बाजूला उभं असलेलं, सर्वात उंच, तेही बहुधा नर. दुसरं पांढरं आणि सर्वात लहान करडं माद्या वाटतात. तिसरं करडं आणि सहावं, सांगता येत नाही. हा अंदाज आहे, यावर सौदा करू नका.

नर किती ठेवायचे हेही यावरच ठरेल. चिनी नर चार ते सहा माद्या सांभाळतो. भारी युरोपीय जातींचा नर दोन-तीनच. सहाच पक्षी असतील तर एक नर पुरेसा. दोन नर लहानपणापासून एकत्र वाढले तर वर्षभर गुण्यागोविंदाने राहतात आणि अंड्यांच्या दिवसांत एकमेकांची मान धरतात, तेव्हा दुसऱ्यासाठी वेगळं आवार लागतं. राखणीला मात्र मादीही तितकीच कामाची आहे. रात्री अनोळखी पाऊल वाजलं की दोघंही सारखाच गलका करतात, म्हणून त्यासाठी जादा नर ठेवायची गरज नाही.

आजच एक काम करा. सहाही जणांच्या पायात वेगवेगळ्या रंगांची प्लॅस्टिकची कडी घाला, कोंबड्यांसाठी मिळतात ती, पण मोठ्या मापाची आणि सैल. दोरा किंवा रबर बांधू नका. पाय आठवड्याला जाड होतोय, दोरा मांसात रुतल्याचं लवेत दिसतही नाही. कडं दर रविवारी फोटोच्या वेळी फिरवून बघायचं, फिरलं नाही तर लगेच बदलायचं. नवव्या आठवड्यातली रेकॉर्डिंग्ज आणि काडेपेटीसकटचे फोटो कड्याच्या रंगासह मला पाठवा, आणि सहाव्याचं कपाळ दोन्ही बाजूंनी.